फळी सरळ असल्याची तक्रार

डॉक्टर म्हणाले, "आता यांना घरी न्या. आवडेल ते खाऊ द्या, आवडेल ते करू द्या." त्यावर मापसाहेबांनी खिशातली वही काढली आणि विचारलं, "म्हणजे नक्की किती?" डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. मोघम बोलणं मापसाहेबांना जन्मात कधी खपलं नव्हतं. "आठवड्यांत सांगा, महिन्यांत सांगा, पण काहीतरी आकडा सांगा," असं म्हणत ते डॉक्टरांच्या मागे मागे दारापर्यंत गेले. शेवटी खाटेवरून त्यांची बायकोच म्हणाली, "अहो, सोडा त्या बिचाऱ्याला. दोन महिने म्हणतोय तो, फार तर तीन. घाला वहीत आणि गाडी बघा."

मापसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं निरीक्षकाची नोकरी केली, म्हणून इमारतीने त्यांना हे नाव ठेवलं होतं. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर, आणि पुढे पुढे तर टपालसुद्धा त्याच नावाने यायला लागलं. त्यांनी स्वतःच्या मेव्हण्याच्या दुकानातला तराजू जप्त केला होता. तो मेव्हणा त्यानंतर कधी घरी आला नाही, आणि मापसाहेब आजही सांगत, की तराजू खोटाच होता. स्वतःचं चुकलं असं ते कधीच म्हणत नसत. एकदा ते भलत्याच लग्नाला गेले, जेवले, आहेर देऊन आले, आणि घरी येऊन म्हणाले की पत्रिकेवरचा पत्ता चुकला होता. बायकोने पत्रिका दाखवली तेव्हा ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

घरी आल्यावर बायकोने दोन गोष्टी मागितल्या. एक म्हणजे परत दवाखान्यात न्यायचं नाही. जे व्हायचं ते याच खोलीत, याच खिडकीशी. "त्या हिरव्या भिंतींकडे बघत मला मरायचं नाही," असं तिने स्वच्छ सांगितलं. आणि दुसरी गोष्ट रेकॉर्ड प्लेअरची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने बावीस वर्षं अनोळखी माणसांचे आवाज एकमेकांना जोडून दिले होते. स्वतःच्या पगारातून तिने तो प्लेअर घेतला होता आणि एकेक करत बेचाळीस रेकॉर्डी जमवल्या होत्या. कामावरून आली की चपला काढायच्या आधी ती रेकॉर्ड लावायची.

प्लेअर तसा चांगला होता. पण त्याची सुई एका जागी टिकेल तर शपथ. एखादं गाणं अर्ध्यावर आलं की ती जी घसरायची ती थेट मधल्या गोल कागदावर. खोलीत कोणी चाललं तरी उडायची. टेबलाखाली पुठ्ठा घातला तर टेबल डुगडुगायचं आणि सुई आणखीच उडायची. मापसाहेब सुईला दोष द्यायचे, बायको रेकॉर्डला द्यायची, आणि भांडण मिटलं की दोघं मिळून कंपनीला द्यायचे. इतकी वर्षं ती मुकाट्याने उठून सुई परत जागेवर ठेवत आली होती. आता उठणं संपलं होतं. "माझ्या त्या पहिल्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं एकदा सलग ऐकायचंय हो," ती म्हणाली. "मध्ये कोणी न उठता."

मग मापसाहेबांनी ठरवलं, की भिंतीत फळी ठोकायची आणि प्लेअर तिच्यावर ठेवायचा. जमीन हादरते, टेबल हलतं, पण भिंत काही जागची हलत नाही, असा त्यांचा त्यामागचा विचार होता. एवढ्यात हसू नका. त्यांच्या जागी तुम्हीही हाच विचार केला असता.

फळी लावायची म्हटल्यावर जिन्यात भेटेल तो सल्ला द्यायला लागला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, लाकूड जुनंच घ्या, नव्या लाकडात जीव नसतो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, भिंतीला भोक पाडायचं तर लेखी अर्ज करा, दोन प्रतींत. तळमजल्यावरचा शिंपी तेवढा काही न बोलता वर आला आणि प्लेअरखाली घालायला नमद्याचा, जाड दाबलेल्या लोकरीचा, एक तुकडा देऊन गेला. त्याच्या दोन्ही मुली शाळेतून आल्या की रोज मापसाहेबांच्या बायकोपाशी, त्यांच्या काकूंपाशी, बसून रेकॉर्डींची चित्रं बघायच्या. तो कमी बोलायचा, पण माणूस चांगला होता.

सुतार आला तो सकाळी नऊला. त्याने एक डोळा मिटून भिंतीकडे पाहिलं, पेन्सिलीने रेघ मारली, भोकं पाडली आणि अर्ध्या तासात फळी चढवून मोकळा झाला. मापसाहेबांनी कपाटातून सपाटी तपासायची पाणसळ काढली. नोकरीतली त्यांची स्वतःची पाणसळ, पितळी पट्टीची. ती फळीवर ठेवताच काचेतला बुडबुडा एका टोकाला पळाला.

"काढा," मापसाहेब म्हणाले.

"साहेब, छताला बघून लावलीय. एक सूत इकडं तिकडं नाही."

"छत काय मला प्रमाणपत्र देणार आहे? बुडबुडा मध्ये आला पाहिजे."

फळी काढली. पहिल्या भोकांच्या खाली दुसरी भोकं पाडली, तेव्हा गिलाव्याचा एक पापुद्रा सुटून सुताराच्या चहात पडला. दुसऱ्यांदाही बुडबुडा पळालाच. तिसऱ्या वेळी ड्रिल विजेच्या वायरीला लागलं आणि सगळ्या इमारतीची वीज तासभर गेली. मास्तर वरून ओरडले, की त्यांचं इस्त्रीचं काम अर्धं राहिलं. सेक्रेटरी येऊन अर्जात फक्त दोन भोकं लिहिली होती याची आठवण करून देऊन गेले. संध्याकाळपर्यंत भिंतीला अकरा भोकं झाली. मग कुठे बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन थांबला. सुताराने चार पावलं मागे जाऊन फळीकडे पाहिलं आणि हात जोडले.

"साहेब, एक विनंती आहे. फळी मी लावली असं कुणाला सांगू नका. फार वाकडी दिसते."

दिसत होती खरी. एक टोक छताकडे आणि दुसरं जमिनीकडे, अशी ती भिंतीवर लटकत होती. आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मापसाहेबांनी प्लेअर तिच्यावर ठेवला, रेकॉर्डची दुसरी बाजू लावली, आणि दोघंही श्वास रोखून बसले. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, सुई हलली नाही. तिसरं लागलं, आणि मधल्या कडव्यात जिथे ती हमखास घसरायची तिथून सरळ पुढे गेली. इतक्या वर्षांत तिने त्या गाण्याचा शेवट असा कधी ऐकलाच नव्हता. "शेवटी गाणारा असा हळू होतो होय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मापसाहेबांनी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. त्यांचं मन आनंदाने इतकं भरलं होतं की पेन्सिल उलटी धरली होती हेही त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आजारी माणसाला बघायला लोक यायला लागले. यायचे काकूंना बघायला, आणि बघत बसायचे फळी. मास्तर आले, काकूंना "कसं वाटतंय?" म्हणाले आणि उत्तर न ऐकताच मान तिरकी करून भिंतीकडे बघायला लागले. "मापसाहेब, घाईत लावली का हो?" सेक्रेटरी म्हणाले, "अशा मनःस्थितीत माणसाचा हात थरथरतो, साहजिक आहे." या दयेने मापसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी प्रत्येकाला पाणसळ लावून दाखवली. लोक बुडबुडा बघायचे, फळी बघायचे, आणि हळूच म्हणायचे, "जुनी झाली असेल पाणसळ." त्यांनी मग ताटात पाणी घालून दाखवलं. तर ताट वाकडं असेल म्हणाले. चौतीस वर्षं ज्या माणसाच्या शिक्क्याशिवाय बाजारात तराजू लागला नाही, त्याला आता साधी फळी सरळ लावता येत नाही, अशी जिन्याजिन्यात चर्चा सुरू झाली.

"अहो, राहू द्या ना," बायको म्हणायची. "सुई घसरत नाही, बास झालं."

पण मापसाहेबांना बास होणार होतं थोडंच? ते थेट पालिकेच्या बांधकाम विभागात गेले. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"फळी वाकडी आहे, अशी तक्रार आहे का?"

"नाही. फळी सरळ आहे."

"मग तक्रार कसली?"

"लोक तिला वाकडी म्हणतात. तुमच्या तज्ज्ञाने येऊन ती सरळ आहे असं लेखी द्यावं."

"सरळ असल्याची तक्रार आमच्याकडे घेत नाहीत. छापील अर्जात गळती आहे, तडे आहेत, उंदीर आहेत. सरळ नाही."

"मग 'इतर' असेल."

'इतर' होतं. पण त्याला इमारतीतल्या परिस्थितीचा तपशील जोडावा लागे. मापसाहेब वही आणि फूटपट्टी घेऊन घरोघर हिंडले. दार आपोआप उघडतं का, पेन्सिल घरंगळते का, असं काय काय त्यांना विचारायचं होतं. लोकांनी हसत हसत सगळं सांगितलं. मास्तरांचं कपाट आपोआप उघडायचं. मास्तर म्हणत, वाऱ्याने. सेक्रेटरींच्या घरात हातातून पडलेली औषधाची गोळी नेहमी खिडकीखालीच सापडायची. ते म्हणत, ती जागाच तशी आहे. आणि प्रत्येक घरात, अगदी प्रत्येक घरात, कपाटाच्या पायाखाली पुठ्ठ्याची एक घडी होती. कुणी बुटाच्या खोक्याची घातली होती, कुणी वहीच्या पुठ्ठ्याची. तीस वर्षांत बाराही बिऱ्हाडांनी आपापल्या घरात घड्या घातल्या, जाड केल्या, बदलल्या, आणि दुसऱ्याकडे घडी कुठल्या बाजूला आहे हे एकानेही विचारलं नाही. मापसाहेबांनी फूटपट्टीने मोजून बाराही घड्या वहीत लिहून घेतल्या. सगळ्या रस्त्याच्या बाजूला होत्या. बारावी घडी लिहून झाल्यावर त्यांनी एकदा रस्त्याकडच्या भिंतीकडे पाहिलं. पण फळी खरी ठरत होती, आणि त्या आनंदात त्यांनी वही मिटली.

इंजिनिअर आला तो कंटाळलेल्या चेहऱ्याने. त्याने फळीकडे बघितलंसुद्धा नाही. वहीतली पानं मात्र दोनदा वाचली. मग गच्चीवर जाऊन रस्त्याच्या बाजूने दोरीला गोळा बांधलेला ओळंबा सोडला. दोरी खाली आली आणि शिंप्याच्या खिडकीशी थांबली. वर कठड्याला चिकटलेली दोरी खाली भिंतीपासून वीतभर दूर लोंबत होती. शिंप्याच्या दोन्ही मुली खिडकीतून हात बाहेर काढून तो गोळा धरायला बघत होत्या. इंजिनिअर घाईघाईने जिना उतरून आला आणि त्याने आधी त्या मुलींना आत जायला सांगितलं.

"तुमची फळी बरोबर आहे, साहेब," तो मापसाहेबांना म्हणाला. "इमारत कललीय."

आयुष्यभर ज्या वाक्याची वाट बघावी ते वाक्य असं मिळालं. मापसाहेब विजयाने मागे वळले, तर मागे उभ्या असलेल्या अकरा बिऱ्हाडांच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. इंजिनिअर पुढे बोलतच होता. पाया खचतोय, पालिकेची नोटीस निघेल, आठ दिवसांत इमारत रिकामी करावी लागेल. मापसाहेबांना 'आठ' हा आकडा ऐकू आला आणि दवाखान्यातला 'दोन महिने' आठवला. दोन्ही आकडे त्यांनी मनात शेजारी शेजारी ठेवले, आणि लहान कुठला हे बघायला त्यांना वहीची गरज पडली नाही.

त्या दिवसापासून त्यांच्याशी कोणी बोलेना. म्हणजे त्यांच्याशी बोलेना, त्यांच्याविषयी मात्र दिवसभर बोलणं चाले. तीस वर्षं सुखाने उभी असलेली इमारत एका फळीने पाडली, असं मास्तर म्हणाले. कोणी म्हणालं, अकरा भोकं पाडली तिथूनच ती कलायला लागली. सुताराने तर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, की आपण या घरात कधी पाऊलही टाकलेलं नाही. शिंपी काही म्हणाला नाही, पण जिन्यात समोरून आला की मान खाली घालून निघून जायचा. सरकारदरबारी खरा ठरलेला माणूस इमारतीत तोंड चुकवत फिरत होता. काकूंना त्यांनी एवढंच सांगितलं, की इमारतीचं थोडं रंगकाम निघालंय.

मग एका दुपारी सेक्रेटरी आले आणि त्यांनी मापसाहेबांना गॅलरीत नेलं. "मी चौकशी करून आलो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "नोटीस अजून निघालेली नाही. सगळी फाईल तुमच्या एका अर्जावर उभी आहे, इंजिनिअरचा अहवालसुद्धा त्यालाच जोडलाय. तुम्ही लिहून द्या की फळी लावण्यात माझी चूक झाली, मोजमापं चुकली, अर्ज मागे घेतो. ते लोक फाईल बाजूला ठेवतील. वर्षभर तरी कोणी बघणार नाही." आणि मग खोलीकडे बघत ते म्हणाले, "काकूंना कुठे हलवणार हो या अवस्थेत? त्यांना इथेच राहायचंय ना?"

मापसाहेबांनी टेबलाशी बसून कागद घेतला. पडायची तर ती काय उद्या पडतेय? तीस वर्षं उभी आहे, आणखी दोन महिने उभी राहील. आणि दोन महिन्यांनी... पुढचा विचार त्यांनी केला नाही. शिंप्याच्या खिडकीचाही केला नाही, म्हणजे करायचा नाही असं ठरवलं. मनातल्या मनात त्यांना स्वतःची लाज वाटत होती. पण खाटेवर बायको झोपली होती, खिडकीतून तिच्या पायांवर ऊन आलं होतं, आणि तिने मागून मागून मागितलं काय, तर ही खोली. 'माझी चूक झाली' हे तीन शब्द लिहायला त्यांना पाऊण तास लागला. तीनदा कागद फाडला. हे शब्द त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हते.

"काय लिहिताय?" बायको जागी झाली होती.

"काही नाही. पालिकेला पत्र."

"रंगकामाचं?"

मापसाहेबांनी कागदावर हात ठेवला.

"अहो, मी आजारी आहे, बहिरी नाही. बावीस वर्षं लोकांची बोलणी ऐकली मी. जिन्यातली ऐकू येत नाहीत होय? इमारत कललीय म्हणतात, खरं का?"

"छे! कुठली कलतेय," मापसाहेब म्हणाले, आणि मग त्यांनी घट्ट डोळे मिटून घेतले. "फळीच वाकडी लागली. पाणसळ जुनी झालीय. माझंच... माझंच चुकलं."

बायको त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मग तिला हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि मापसाहेबांनी तिला पाणी पाजलं. पाणी पिऊन झाल्यावर ती हसत नव्हती.

"एक्केचाळीस वर्षं झाली आपल्या लग्नाला," ती म्हणाली. "त्या भलत्या लग्नात जेवून आलात तेव्हासुद्धा चुकलो म्हणाला नाहीत. आज म्हणताय. म्हणजे पडायलाच आली असणार ही इमारत."

"तसं नाही गं."

"कुणाची बाजू कललीय? रस्त्याची ना? तिथे खाली कोण राहतं?"

मापसाहेबांनी कागदाची घडी घातली.

"बोला ना, कोण राहतं?"

"शिंपी," ते म्हणाले. "आणि मुली."

"आणि तुम्ही हे लिहून देणार होतात."

"तुला इथेच राहायचंय म्हणालीस," मापसाहेब म्हणाले आणि त्यांचा बांध फुटला. ते लहान पोरासारखे रडायला लागले. "दोनच तर गोष्टी मागितल्या होत्यास तू. मी ती फळी लावायलाच नको होती. मला खरं ठरायचं होतं गं, म्हणून गेलो तिथे. तुझी खोली मीच घालवली."

तिने हात पुढे केला. त्यांनी तो धरला. तो हात किती हलका झालाय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते आणखी रडले.

"ऐका," ती म्हणाली. "इथे मरायचं होतं मला, खोटं कशाला बोलू. वाईट वाटतंय, फार वाटतंय. पण माझं दोन महिन्यांचं काम आहे, कुठेही होईल. तुमच्या बहिणीकडे न्या. मला ती आवडत नाही आणि तिला मी आवडत नाही, पण दार तर उघडेल. त्या पोरींचं अजून सगळं व्हायचंय. फाडा तो कागद."

त्यांनी कागद फाडला.

"नोटिशीची वाट बघत बसू नका. आत्ता खाली जा आणि त्याला सांगा. आणि तोंड पुसा."

मापसाहेबांनी तोंड पुसलं, पण जिना उतरेपर्यंत ते पुन्हा ओलं झालं. शिंप्याचं मशीन चालू होतं. त्यांनी दार वाजवलं तसं ते थांबलं. गळ्यात टेप तसाच ठेवून शिंपी दारात आला. इतके दिवस न बोललेला माणूस त्यांचा चेहरा बघून एकदम पांढराफटक पडला. दोन्ही मुली त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काकू?" त्याने विचारलं. "काकू गेल्या का?"

"नाही," मापसाहेब म्हणाले. "काकूंनीच पाठवलंय. मुलींना घे आणि आजच इथून निघ."